सॉरी!

आमच्या घरात सर्वांत जास्त खपणारी वस्तू कोणती, असे कोणी मला विचारले तर मी साखर किंवा साबण असे उत्तर देणार नाही. ती वस्तू म्हणजे ‘सॉरी’ हा शब्द. आमची कन्या सध्या नववीत आहे. दात घासण्यापूर्वी तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघतो आणि रात्री दिवा मालवताना शेवटचा. पाय लागला की सॉरी. पाण्याचा पेला लवंडला की सॉरी. आपण काही बोललो आणि तिला ऐकू आले नाही, तर शेवटचे अक्षर वर चढवून ‘सॉरीऽ?’ आणि सकाळी मी तिसऱ्यांदा ‘उठतेस की नाही?’ म्हणून ओरडलो की पांघरुणाच्या आतून एक मंद ‘सॉरी’ ऐकू येते. त्याचा अर्थ ‘उठत नाही’ असा असतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरात हा शब्द नव्हता. त्या जागी दुसराही कोणता शब्द नव्हता. वडिलांनी एकदा दुसऱ्याच्या चुकीबद्दल मला चांगले बदडले होते. खरा प्रकार कळला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी ऑफिसातून येताना मात्र त्यांनी पेरू आणले आणि त्यांतला सर्वांत मोठा चिरून, तिखटमीठ लावून माझ्या हातात ठेवला. ते काय म्हणत होते ते मला कळले, आणि मला कळले हे त्यांनाही कळले. आमच्या सौभाग्यवतींचे ‘चहा ठेवू का?’ हे वाक्यही याच जातीचे. भांडणानंतर ते किती वेळाने येते यावरून मी भांडणाची प्रत ठरवतो. आणि ज्यांना पेरूही जमत नाही आणि चहाही जमत नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा संक्रांत आहेच. तिळगूळ द्यावा, गोड बोलावे. जुन्या गोष्टी न उकरता मिटवाव्यात.

अशा व्याकरणात वाढलेला मी मराठीचा प्राध्यापक! ‘सॉरी’ हा मला अगदी फुकट मिळणारा, आणि म्हणून फुकट जाणारा, शब्द वाटत असे. वर्गात त्याच्यावर मी हटकून एखादी कोटी करी. मुले हसत. गेल्या वर्षी मात्र या शब्दाने मला चांगलाच हिसका दाखवला. ती गोष्ट सांगायची म्हणजे माझीच फजिती सांगायची. पण दिवाळीच्या फराळाबरोबर दुसऱ्याची फजिती गोड लागते, तेव्हा सांगून टाकतो.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी ललित लेखनाचा एक निबंध लिहून आणायला सांगितला होता. अशा निबंधांत काय असते ते मला पाठ आहे: पहिला पाऊस, आईचे हात, गावाकडची संध्याकाळ. त्या ढिगात एक निबंध निघाला आजीच्या जात्यावर. कऱ्हाडकडच्या खेड्यातली आजी आजोबांच्या पश्चात मुलाकडे शहरात राहायला येते आणि टेंपोतून बरोबर जाते घेऊन येते. फ्लॅटच्या गॅलरीत ते जाते बसते. त्याच्यावर एरवी कुंडी असते. दिवाळी आली की कुंडी उतरते, आणि चकलीच्या भाजणीतले चार मुठी धान्य शकुनाचे म्हणून आजी त्याच्यावर दळते. खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करायला वर येतात आणि भाजणीचा वास घेऊन परत जातात. दाणे कसे वैरायचे, वैरणाऱ्या हाताला घाई का चालत नाही, माकडी झिजली की जाते कसे जड जाते, हे सारे त्यात होते.

मी थक्क झालो आणि लगेच मला संशय आला. ही मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसणारी, तीन शब्दांत दोन इंग्रजी बोलणारी, उशिरा आली तरी ‘सॉरी सर’ आणि वेळेवर आली तरी ‘सॉरी सर’ म्हणणारी. तिला ‘वैरणे’ हे क्रियापद कुठून माहीत असणार? ‘माकडी’ हा शब्द तर मलाही कोशात पाहावा लागला होता. तेव्हा हे कोणत्या तरी जुन्या पुस्तकातून उचललेले असणार, यात मला शंका उरली नाही. पहिल्या पानाच्या डोक्यावर मी लाल शाईने लिहिले, ‘कोठून उतरवलेस? स्वतःचे लिही.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण माणसाला एकदा आपण हुशार आहोत असे वाटले की तो थांबत नाही. मी तिला भर वर्गात उभे केले आणि म्हणालो, “बाईसाहेब, वैरण म्हणजे गुरांचीच ना? मग तुमची आजी जात्याला वैरण घालते ती गवताची की कडब्याची?”

वर्ग खो खो हसला. ती मुलगी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सॉरी सर,” आणि खाली बसली.

झाले! गुन्हा कबूल. मी विजयी मुद्रेने पुढचा निबंध उचलला.

त्यानंतर आठ-दहा दिवस ते मूळ पुस्तक शोधण्यात मी माझा फावला वेळ घालवला. चोरी पकडली होती, आता मुद्देमाल हवा होता. ग्रंथालयातली ग्रामीण कथांची कपाटे पाहिली, कॉम्प्युटरवर वाक्येच्या वाक्ये टाकून पाहिली. काही सापडले नाही. पुढे सहामाही परीक्षा झाली. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर, पर्यवेक्षकाच्या डोळ्यांदेखत लिहिलेल्या उत्तरांत मला एक उत्तर असे आढळले की, त्याच्या दुसऱ्या वाक्यालाच मी पेन खाली ठेवले. तेच आखूड वाक्य, तीच वस्तूकडे अगदी जवळून बघण्याची खोड, तसेच एखादे ठेवणीतले क्रियापद. नाव बघण्याची गरज नव्हती. तरी बघितले.

आता काय करायचे? पेरू नेऊन द्यायचा? विद्यार्थिनीला चहा विचारायचा? घरगुती व्याकरण घराच्या उंबरठ्याबाहेर चालत नाही, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी उमजले. शेवटी एक दिवस ती व्हरांड्यात समोरून येताना दिसली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “अगं, तो तुझा निबंध... त्या दिवशी जरा गैरसमज झाला.”

ती चटकन बाजूला सरली आणि म्हणाली, “सॉरी सर.”

चूक माझी, आणि सॉरी म्हणाली ती! मी घाईने ‘बरं बरं’ म्हणालो आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलो. हा शब्द म्हणजे आहे तरी काय, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा बघावेसे वाटले. आमच्या धंद्यात माणसाला तोंड दाखवण्याची लाज वाटली की कोशात तोंड घालता येते, ही मोठीच सोय आहे.

‘सॉरी’ची कुळकथा निघाली ती अशी. जुन्या इंग्रजीत ‘सार’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ दुखणे, जखम. आजच्या इंग्रजीत घसा ‘सोअर’ होतो तो हाच. त्या ‘सार’वरून झाले ‘सारिग’, म्हणजे दुखरा, दुःखाने भरलेला. आणि ‘सारिग’चे झाले ‘सॉरी’. मराठीत नेमके भाषांतर करायचे तर ‘सॉरी’ म्हणजे ‘दुखरा’. ‘सॉरो’ म्हणजे दुःख, त्यावरून ‘सॉरी’ आला असेल असे कोणालाही वाटेल; मलाही वाटत होते. पण ते घराणे मुळात निराळे. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झोर्ग’ हा काळजी या अर्थाचा आहे. दोन शब्द शेजारी राहून राहून एकमेकांसारखे दिसू लागले, एवढेच. ‘सोअर’चा जर्मन भाऊ मात्र ‘झेअर’, आणि त्याचा आजचा अर्थ आहे ‘खूप’! पूर्वी त्याचा अर्थ ‘दुखेल इतके’ असा होता. जर्मन माणूस एखादी गोष्ट ‘झेअर गूट’ म्हणतो, तेव्हा मुळाशी तो ती ‘दुखेपर्यंत चांगली’ आहे असे म्हणत असतो. हसू नका. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच की.

म्हणजे या शब्दात मुळात माफी नव्हती, चूक नव्हती, कबुली तर नव्हतीच. होती ती फक्त वेदना. मग वेदनेने पिचलेल्या माणसाला आणि वस्तूलाही लोक ‘सॉरी’ म्हणू लागले. मॅकबेथ राजाचा खून करून येतो आणि आपल्या रक्ताळलेल्या हातांकडे बघतो, तेव्हा शेक्सपिअर त्याच्या तोंडी हाच शब्द घालतो; तिथे तो ‘केविलवाणे दृश्य’ या अर्थाचा आहे, क्षमायाचनेचा नाही. ‘टू कट अ सॉरी फिगर’ हा आपल्या शाळेतल्या वाक्प्रचारांच्या यादीतला हुकमी गडी. मास्तर त्याचा अर्थ ‘फजिती होणे’ असा लिहून देत आणि आम्ही तो पाठ करीत असू. फजितीचा आणि सॉरीचा संबंध काय, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. ‘यू विल बी सॉरी’ ही तर चक्क धमकी आहे. आपल्या चुकीबद्दल तुटक एकटा ‘सॉरी’ फेकण्याची रीत एकोणिसाव्या शतकातली. तोपर्यंत माणूस निदान ‘आय अ‍ॅम’ म्हणजे ‘मी आहे’ एवढे तरी आधी म्हणत असे. पुढे ‘मी’ गळला, ‘आहे’ गळले. दुखरेपण तेवढे उरले, तेही नावापुरते.

त्याच्या आसपासचे शब्द त्या मानाने बरेच धूर्त निघाले. ‘अपॉलॉजी’ला आपण नम्र शब्द समजतो, पण मूळ ग्रीकमध्ये ती म्हणजे कोर्टात केलेले बचावाचे भाषण. प्लेटोच्या ज्या ग्रंथाला हे नाव आहे, त्यात सॉक्रेटिस कोणाची माफी मागत नाही, उलट न्यायाधीशांनाच चार शब्द सुनावतो. ‘रिग्रेट’ची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मेलेल्या माणसासाठी आक्रोश करणे असा होता. आज तो सरकारी कागदावरचा सर्वांत कोरडा शब्द आहे. जालियनवाला बागेतला गोळीबार झाला 13 एप्रिल 1919 रोजी. त्याला शंभर वर्षे पुरी व्हायला तीन दिवस असताना, 10 एप्रिल 2019 रोजी, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे त्यांच्या लोकसभेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी ‘रिग्रेट’ व्यक्त केला. ‘सॉरी’ त्या म्हणाल्या नाहीत. एवढ्या मोठ्या साम्राज्याची भाषा, पण तिच्यातला पाच अक्षरांचा एक शब्द शंभर वर्षांतही तोंडातून निघेना.

पण हेच ऑस्ट्रेलियात निघाला, आणि कसा निघाला ते मला इथे सांगितलेच पाहिजे. त्या देशात विसाव्या शतकात कितीतरी वर्षे आदिवासींची मुले सरकारी धोरण म्हणून आईबापांपासून काढून नेली जात. 1997 साली त्या सर्व प्रकाराचा चौकशी अहवाल संसदेपुढे आला. लोक म्हणू लागले, सरकारने सॉरी म्हणावे. त्या वेळचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड तयार होईनात. त्यांचे म्हणणे असे की, आजच्या पिढीने जे केले नाही त्याची माफी तिने का मागावी? 1999 साली त्यांनी संसदेत ठराव आणला, त्यात पुन्हा तोच ‘रिग्रेट’. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सिडनीच्या बंदरावरच्या मोठ्या पुलावरून लाखो माणसे चालत गेली, आणि वर आकाशात एका विमानाने धुराने एकच शब्द लिहिला: सॉरी. शेवटी 13 फेब्रुवारी 2008 रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो शब्द उच्चारला; एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बाहेर उभी असलेली म्हातारी माणसे रडली.

यातली खरी मेख अशी की, तिथल्या आदिवासींच्या इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे मृत्यूनंतरचा शोकविधी, सुतक. कोणी गेले की सारा समाज ‘सॉरी’साठी जमतो. त्यात कोणी गुन्हेगार नसतो. इंग्रजांनी हजार वर्षांत झिजवून टाकलेला मूळचा अर्थ, दुखऱ्या मनाचा, त्या लोकांनी असा जपला आहे. पश्चिम आफ्रिकेतही, घाना-नायजेरियाकडे, रस्त्यात कोणाला ठेच लागली तर जवळचा माणूस ‘सॉरी’ म्हणतो. त्याने काही ठेच लावलेली नसते. आपली आजी ‘अगं बाई, लागलं का रे?’ म्हणते तसेच ते. आणि कॅनडात तर या घोटाळ्यासाठी कायदा करावा लागला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2006 साली आणि ऑन्टारिओने 2009 साली ठरवून टाकले की, कोणी सॉरी म्हणाला म्हणून त्याने गुन्हा कबूल केला असे कोर्टाने धरू नये.

हे वाचताना मी पुस्तक मिटले. कॅनडातल्या न्यायाधीशाला जे कायद्याने करता येत नाही, ते मी एका मिनिटात केले होते. ती मुलगी ‘सॉरी सर’ म्हणाली, ते ‘मी चोरी केली’ असे नव्हते. तिला दुखले होते, आणि त्यासाठी तिच्याजवळ तेवढाच शब्द होता. मी तो कबुलीजबाब म्हणून लिहून घेतला.

मग मराठीत काय आहे? मराठीच्या प्राध्यापकाने शेवटी हे बघणार नाही तर काय! ‘क्षमा’ म्हणजे सहन करणे. पृथ्वीलाही संस्कृतात क्षमा म्हणतात. एवढा मोठा शब्द व्हरांड्यात उभे राहून उच्चारला तर नाटकातल्यासारखा वाटेल. ‘माफ’ अरबी, सूट मिळालेला. शेतसारा माफ होतो, फी माफ होते. त्यात हिशेब आहे. आणि ‘दिलगीर’! लोकलच्या फलाटावर ‘आम्ही दिलगीर आहोत’ हे इतक्या वेळा कानांवर आदळते की, त्या शब्दाला आता फक्त उशिरा येणाऱ्या गाडीचा वास येतो. पण तो फारसी शब्द फोडून बघा. दिल म्हणजे काळीज, आणि गीर म्हणजे धरलेले, पकडलेले. ज्याचे काळीज कोणीतरी मुठीत धरले आहे तो दिलगीर. फारसीत त्याचा अर्थ नुसता ‘खिन्न’. म्हणजे ‘सॉरी’ जिथून निघाला तिथूनच हाही निघाला, त्याच वाटेने चालला आणि त्याच फलाटावर येऊन उभा राहिला. दोन अगदी परके शब्द, पण कर्म एकच!

याहून वाईट अवस्था आपल्या क्रियापदांची. ‘मी चुकलो’ यात ‘मी’ ताठ उभा आहे. ‘माझं चुकलं’ यात मी षष्ठीच्या आडोशाला गेलो. चुकले ते माझे काहीतरी. ‘माझ्या हातून चूक झाली’ म्हटले की दोष हातावर गेला. ‘चूक झाली’ यात हातही नाहीसा झाला. आणि सर्वांत शेवटची पायरी ‘गैरसमज झाला’. तिथे चूकही नाही आणि मीही नाही. पाऊस व्हावा तसा गैरसमज झाला. व्याकरण शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाने त्या पोरीसमोर उभे राहून नेमकी ही शेवटची पायरी निवडली होती.

दुसऱ्या दिवशी तासाला गेलो. हजेरी घेतली. भर वर्गात हसवले होते, तेव्हा बोलायचे तेही भर वर्गातच, एवढे मी ठरवले होते. पण पुस्तक उघडले, मिटले, पुन्हा उघडले. छान तयार केलेली चार वाक्ये कुठे गेली कोण जाणे. मी तिच्या बाकाकडे बघून म्हणालो, “जात्याचा निबंध तुझाच होता. मी तुला चोर म्हणालो. मी चुकलो.”

वर्गात पंखे फिरण्याचा आवाज येत होता. मागे कोणीतरी खुसकन हसले आणि शेजाऱ्याने त्याला ढोसलेलेही मला दिसले. ती उभी राहिली. आता पुन्हा ‘सॉरी सर’ म्हणते की काय, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. पण ती म्हणाली, “असू द्या सर.” थोडे थांबून म्हणाली, “तो निबंध परत मिळेल? आजीला वाचून दाखवायचा होता.”

निबंध माझ्या कपाटात होता. घरी आणून बघितला. पहिल्या पानाच्या डोक्यावर माझी लाल शाई: ‘कोठून उतरवलेस? स्वतःचे लिही.’ खोडरबरने ती जाईना. पांढरी शाई लावून पाहिली, तर आतून गुलाबी डाग दिसू लागला आणि पान आणखीच विद्रूप झाले. ते पान कोणत्या तोंडाने आजीपुढे जाणार? शेवटी रात्री जेवण झाल्यावर तसाच आखीव कागद घेतला, निळे पेन घेतले आणि ते पान अक्षर अक्षर उतरवून काढू लागलो. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा मान खाली घालून मी लिहीत होतो. कन्या पाणी प्यायला उठली होती. ती मागे येऊन उभी राहिली.

“बाबा, कॉपी करताय?”

“हो,” मी म्हणालो.

सौभाग्यवतींनी आतून विचारले, “चहा ठेवू का?” आमचे त्या दिवशी काही भांडण नव्हते.

सकाळी मी ते कागद त्या मुलीला दिले. माझे अक्षर तिने लगेच ओळखले असावे, पण ती त्यावर काही बोलली नाही. पहिल्या पानावरून तिने डोळे फिरवले, तळाशी एका ओळीवर थांबली आणि बोट ठेवून म्हणाली, “सर, इथे माकडीची वेलांटी राहिली. माकड झालंय.”

“सॉरी,” मी म्हणालो.